स्पीकरवरचा तळहात

सरकीचा तेलकट वास आला की मला डिसेंबरातली एक दुपार आठवते. सरत्या वर्षातल्या हेवी मेटल आणि रॉकच्या अल्बमांची यादी मी तेव्हाही करायचो. बाबा सेलूला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते आणि आमची खोली त्याच आवारात, कापसाच्या ढिगांपलीकडे होती. त्या दुपारी खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि मी पहिल्या क्रमांकाचा अल्बम मोठ्यानं लावून डोळे मिटून पडलो होतो. तेवढ्यात बाबा हातात पाना घेऊन धावत आले. भुवयांवर कापूस चिकटलेला. “कोणती मशीन रडून राह्यली बे?” “मशीन नाई बाबा, गाणं हाय.” आता ओरडतील म्हणून मी आवाज कमी करायला गेलो, तर त्यांनी मशीनवर ठेवावा तसा स्पीकरवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. “या ड्रमवाल्याचा पट्टा ढिला हाय,” ते म्हणाले, “दुसरं लाव.” मग ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघांनी अख्खं वर्ष ऐकलं. सातव्या अल्बमला ते हसले. “ही मशीन दहा वर्षं बंद नाई पडत.” मी तो अल्बम पहिल्या क्रमांकावर नेला. त्या जिनिंगच्या धडधडाटानं पुढे त्यांचे कान पार नेले. काल यंदाची यादी घेऊन मी त्यांच्या खाटेशी बसलो, पहिला अल्बम लावला आणि त्यांचा सुरकुतलेला तळहात स्पीकरवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ थांबले आणि मान हलवली. “पट्टा ढिला हाय.” मी दुसरं लावलं.