बटनच्या तोंडातलं

मर्ल पेंगेलीचा आवाज म्हणजे नुसता गडगडाट. उभी हयात तिनं लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घातलं. शेडमध्ये यंत्रांची घरघर, मेंढ्यांचा कालवा, आणि त्या सगळ्यावर मात करून स्वयंपाकघरातून यायची ती मर्लची हाक, "जेवायला या रे, नाहीतर कुत्र्यांना घालते!" दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

अशा बाईच्या पदरात आवाजाला भिणारं कुत्रं पडावं, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. पिल्लू होतं जातिवंत मेंढपाळी, पण कुणी ओरडलं की शेपूट पोटाशी घेऊन खाली बसायचं. "हे काही कामाचं नाही. तू नेत असशील तर ने, नाहीतर..." म्हणून मेंढ्यांच्या मालकानं पुढचं वाक्य गिळलं. मर्लनं पिल्लू गाडीत टाकलं, काम सोडलं आणि समुद्रकाठच्या आपल्या लहानशा घरात राहायला आली. नाव ठेवलं बटन.

बटन मनाचा भित्रा, पण तोंडाचा भारी शूर. किनाऱ्यावर फिरायला नेलं की मेलेला पक्षी म्हणू नका, कोळ्यांनी टाकलेलं आमिष म्हणू नका, दिसेल ते तोंडात. "सोड! सोड मेल्या!" करत मर्ल धावली की तो घाबरून जे असेल ते गटकन गिळायचा. एकदा आमिषाबरोबर गळही गिळला. पोट फाडून काढावा लागला.

जनावरांची डॉक्टरीण टाके घालून झाल्यावर म्हणाली, "मर्ल, रागावू नकोस, पण तू ओरडतेस म्हणून तो गिळतो. त्याला वाटतं, तू हिसकावून घेणार. पुन्हा असलं काही पोटात गेलं तर मी वाचवू शकेन असं वाटत नाही."

मर्लला ते फार लागलं. घरी आल्यावर ती जमिनीवर त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या पोटावरचे टाके बघत राहिली. तिच्या ओरडण्यानं आजवर माणसं जेवायला आली होती, कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं.

मग शिकवणी सुरू झाली, दोघांचीही. बटनच्या तोंडात जुना मोजा, मर्लच्या हातात उकडलेल्या मटणाचा तुकडा. "दे बाळा," असं हलकेच म्हणायचं. त्यानं मोजा सोडला की तुकडा त्याचा, वर मोजाही परत द्यायचा, म्हणजे कुणी लुबाडत नाही हे त्याला पटतं. बटन पटकन शिकला. अडलं ते मर्लचं 'हलकेच'. शेजारचा म्हातारा कोळी व्हर्न कुंपणावर रेलून मजा बघायचा.

"अगं मर्ल, हळू म्हणजे पलीकडच्या गावाला ऐकू जाणार नाही इतकं!"

"तू तुझी जाळी सांभाळ. मासे मिळेनात म्हणून माझ्या कुंपणावर गळ टाकून बसलायस मेल्या!"

पण हिवाळा सरता सरता जमलं. जरा जास्तच जमलं. कचरा दिला की मटण मिळतं, एवढा व्यवहार कळल्यावर बटन कचरा हुडकून आणू लागला. फाटकी चप्पल, डब्याचं झाकण, दोरीचा तुकडा. "गावाची सफाई होतेय आणि मटण तुझं जातंय," व्हर्न म्हणायचा. मर्ल हसायची आणि तुकडा द्यायची. तिथंच चुकलं.

वादळ ओसरल्यावर एका सकाळी तिघं किनाऱ्यावर निघाली. लाटांनी नको नको ते बाहेर फेकलं होतं. बटनचा धंदा जोरात चालला आणि मर्लची मटणाची डबी बघता बघता रिकामी झाली. एवढ्यात खडकांपाशी गेलेला बटन मागं वळला. त्याच्या तोंडात फुगा मासा होता. या माशाच्या कातड्यातसुद्धा विष असतं. एक घास गेला तरी कुत्रं हातचं जातं.

"टाक ते! टाक!" व्हर्न काठी उगारून धावला. बटनचे कान पडले, पोट वाळूला टेकलं, जबडा आवळला.

"व्हर्न, तिथंच उभा राहा," मर्ल म्हणाली. इतक्या हळू की व्हर्न दचकून थांबला.

दुखऱ्या गुडघ्यांनी ती ओल्या वाळूत बसली. बंद मूठ पुढे करून त्याला फसवता आलं असतं. एकदा फसला असता, पण मग पुढं कधीच विश्वासला नसता. तिनं हात उघडाच धरला.

"संपलं रे सगळं, बाळा. बघ, काही नाही माझ्याकडे. तरी दे."

आवाज तिनं चढू दिला नाही. बटननं व्हर्नच्या काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सरपटत आला आणि मासा तिच्या तळहातावर ठेवला.

मासा लांब फेकून तिनं बाटलीतल्या पाण्यानं बटनचं तोंड धुतलं, ओल्या फडक्यानं जीभ, हिरड्या पुसून काढल्या. व्हर्ननं त्याला उचलून गाडीत घातलं. डॉक्टरणीनं दुपारपर्यंत नजरेखाली ठेवला, आणि मग सांगितलं, "पोटात काही गेलेलं दिसत नाही. घेऊन जा."

बाहेर बाकावर बटन मर्लच्या मांडीवर डोकं टेकून झोपला होता. व्हर्ननं विचारलं, "मटण तर संपलं होतं. मग कशाच्या बदल्यात दिला गं त्यानं?"

"कशाच्याच नाही रे," ती म्हणाली. "मी मागितला, त्यानं दिला." आणि तिचे डोळे वाहू लागले.

एरवी व्हर्नला टोमणा सुचला असता. त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या हातात ठेवला.