आईंना हाक कोणी मारली?

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, कधीच नव्हता. उलट मी इतकी संशयी की कुणी असलं काही सांगायला लागलं की आधी सांगणाऱ्याकडेच नीट बघते... आज मीच सांगते आहे. तुम्हीही माझ्याकडे तसंच बघा, माझी हरकत नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशीची. आम्ही तेव्हा टेक्सासमध्ये, शुगर लँडला राहत होतो. माझा नवरा श्रीकांत तेलकंपनीत इंजिनिअर, मुलगी नेहा आठ महिन्यांची. मला ह्यूस्टनच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि नेहाला सांभाळायला माझ्या सासूबाई, म्हणजे आई, चिपळूणजवळच्या गावाहून आल्या होत्या. पण त्यांच्यावर मूल सोपवून जायला माझं मन धजत नव्हतं. दोनदा त्यांच्याकडून गॅस चालू राहिला होता, एकदा पुढचं दार सताड उघडं. श्रीकांत म्हणायचा, "यार, नवीन देश आहे, होईल सवय." नोकरी बुधवारी सुरू होणार होती. त्याआधी लेबर डेच्या लाँग वीकेंडला आम्ही सगळे ॲरिझोनाला गेलो. या तीन दिवसांत आईंवर लक्ष ठेवायचं आणि मग काय तो निकाल लावायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तिथे वाळवंटातली दिवसभराची गाइडेड टूर घेतली. सकाळी जीप, दुपारी तंबूत आराम, चारनंतर घोडे आणि सूर्यास्ताला उघड्यावर जुन्या काउबॉय पद्धतीचं जेवण. गाइडचं नाव रॉय. भली मोठी हॅट आणि अखंड बडबड; मला तो पहिल्यापासून जरा जास्तच गोड वाटला. जीप उतारावर लागली की आई डोळे मिटून रामरक्षा म्हणायच्या आणि नेहा खिदळायची.

घोड्यावर काही आई बसणार नव्हत्या. नेहाला घेऊन त्या कॅम्पवर थांबल्या. तिथे वॉल्टर नावाचा म्हातारा स्वयंपाकी होता, बाकी कुणी नाही. माझा पाय निघत नव्हता, पण श्रीकांतचा चेहरा बघून गेले.

तासाभराने परतलो तर तंबू रिकामा! कॅम्पच्या खालच्या अंगाला एक कोरडी नदी होती, नुसती वाळू आणि काठच्या झाडाची सावली. तिथून आता गढूळ पाणी धो धो वाहत होतं. वर आभाळ स्वच्छ. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं, असं काहीतरी रॉय सांगत होता. मी नेहाच्या नावाने ओरडत धावत सुटले होते.

आई वर चढावर एका खडकाच्या सावलीत बसलेल्या दिसल्या. नेहा मांडीवर गाढ झोपलेली.

तंबूत उकडत होतं म्हणून त्या वाळूत चादर टाकून बसल्या होत्या. पाऊस नाही तर नदीला पाणी कुठलं, हा कोकणातला हिशेब. मग वर कशा आलात, असं मी विचारलं. म्हणाल्या, कुणीतरी वरून नावाने हाक मारली. दोन हाकांना त्या उठल्याच नाहीत, कारण अनोळखी आवाजाला तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नसते. तिसरी आली तेव्हा नेहाला उचलून वर आल्या. मागोमाग पाणी आलं. चादर गेली.

मला एक अक्षर पटलं नाही. इथे यांचं नाव कुणाला ठाऊक? डोळा लागला असणार, पाण्याच्या आवाजाने जाग आली असणार आणि आता ही सारवासारव. नोकरीला नाही म्हणून कळवायचं, मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. श्रीकांतला तसं सांगितलंही.

जेवण कुणाला जात नव्हतं. राजम्यासारख्या बीन्स आणि निखाऱ्यावर लोखंडी भांड्यात भाजलेला पाव. आईंनी नुसता पाव घेतला होता. वॉल्टर वाढायला आला आणि नेहाचा गाल हलकेच ओढून त्याने मला विचारलं, हिचं नाव 'बानू' का? मी म्हटलं, नेहा. मग कोण बानू, तो म्हणाला. पाणी यायच्या जरा आधी वरच्या टेकाडावरून एक बाई हाका मारत होती, तीनदा. त्याला वाटलं मीच परत आले. पाव करपेल म्हणून तो बघायला उठला नाही.

मी हसतच ते आईंना मराठीत सांगितलं. त्यांच्या हातातला पाव खाली आला.

"बनू," त्या म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव."

त्यांचं नाव इंदिरा. लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं. आधीचं नाव चाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. श्रीकांतला, त्यांच्या पोटच्या मुलाला, ते त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

बनू कोण म्हणायचं, मी विचारलं.

"माझी आई. पण हा आवाज तिचा नव्हता गं. तिचा असता तर पहिल्याच हाकेला उठले नसते का?"

आईंना इंग्रजी येत नव्हतं, वॉल्टरला मराठी. रॉय आमच्याबरोबर होता. मी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला, अगदी श्रीकांतवरसुद्धा. कुठेच काही जुळलं नाही, आजही जुळत नाही.

घरी आल्यावर मी आईंना म्हटलं की बुधवारी मी कामावर जाते, नेहा तुमच्याजवळ राहील. त्या मान हलवून नको म्हणाल्या.

"पोर जवळ असताना मी दोन हाका बसून राहिले, सुमन. माझ्यावर टाकू नकोस तिला."

इतके दिवस माझ्या मनात जे होतं, ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू आलं. बुधवारी सकाळी मी नेहाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कामावर गेले.