ड्रॉइंगमधली क्रूझर

आई गेल्यावर बाबांचं बोलणं फार कमी झालं. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करत, अख्खी नोकरी काढली होती. आता सकाळी पेपर वाचून झाला की दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवते. एकदा नेटवर दुसरंच काही शोधताना मला एका जुन्या युद्धनौकेचं ड्रॉइंग दिसलं. क्रूझर म्हणतात त्या प्रकारातली अगदी सुरुवातीची नौका. बाबांसाठी मी त्याची मोठ्या कागदावर प्रिंट आणली.

दोन दिवस ती तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर बाबा भिंग घेऊन तिच्यावर वाकले होते.

"हिला इंजिन आहे, आणि शिडंही आहेत," ते म्हणाले. "बांधणाऱ्यांचा इंजिनावर भरवसा नव्हता बघ."

मग ते मला समजावत राहिले. लांबच्या समुद्रात कोळसा संपला तर वाऱ्यावर जाता यावं म्हणून तीन डोलकाठ्या. इंजिनावर कासवाच्या पाठीसारखा पोलादी पत्रा. दोन्ही कडांना कोळशाची कोठारं, म्हणजे गोळा आत शिरलाच तर कोळशात रुतून बसेल. ही युक्ती त्यांना फार आवडली. इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

त्यांनी मॉडेल करायला घेतलं. सागवानी पट्ट्या, डब्यांचा पत्रा, बांबूच्या काड्या. डोलकाठ्यांचे दोर मी शिवणाच्या दोऱ्याने बांधले. बारीक गाठींचं काम माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेलं काम परीक्षा आल्या तरी चालूच होतं.

शेवटच्या तोफा बसवायच्या राहिल्या तेव्हा बाबांनी विचारलं, ही नौका पुढे कुठे कुठे गेली? ती माहिती त्याच वेबसाइटवर होती, पण नुसता मजकूर म्हणून मी ती प्रिंट केली नव्हती. मी मोबाइलवरून वाचून मराठीत सांगू लागले. तोफा जड झाल्याने नौका समुद्रात फार डोलायची, म्हणून त्या काढून हलक्या बसवल्या. शिडं जेमतेम वापरली. काही वर्षांनी मधली डोलकाठी कापली. मोठी लढाई तिने कधी पाहिलीच नाही, दूरच्या किनाऱ्यांवर गस्त घातली आणि शेवटी बंदरात बांधून तिच्यावर नव्या खलाशांना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बारीक करवत काढली आणि मला मधली डोलकाठी धरायला सांगितली. मला वाईट वाटलं. एवढ्या गाठी बांधल्यात मी, म्हटलं.

"मी कागदावरची नौका केली," ते म्हणाले. "पाण्यात चालली ती वेगळीच होती." करवतीचं पातं त्यांनी बोटाने तपासलं. "आमच्या कारखान्यात एक टर्नर होता, लेथवर धातू कातून भाग बनवायचा. माझ्या ड्रॉइंगमध्ये बदल करायचा. मी त्याची साहेबांकडे तक्रार केली, त्याला मेमो मिळाला. बदल का केला, हे मी एकदाही खाली त्याच्या मशीनपाशी जाऊन विचारलं नाही."

मी डोलकाठी धरली.

तो टर्नर पंचवटीत राहतो, घराखालीच त्याचं लहानसं लेथ आहे, हे बाबांना माहीत होतं. पुढच्या रविवारी मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. टर्नरकाकांनी बाबांना ओळखलं, पण बसा म्हणायला जरा वेळ लावला. बाबांनी मेमोचा विषय स्वतःच काढला. चूक माझी होती, एवढंच म्हणाले. काका म्हणाले, फार वर्षं झाली साहेब, आणि घरात चहा सांगायला गेले.

चहा झाल्यावर बाबांनी पिशवीतून स्वतः केलेलं हलक्या तोफांचं ड्रॉइंग काढलं. पितळेत करून द्याल का, विचारलं. काकांनी कागद लांब धरून पाहिला.

"ही नळी एवढी बारीक नाही चालणार," ते म्हणाले. "लेथवर वाकेल."

"मग किती ठेवू?" बाबांनी विचारलं आणि खिशातली पेन्सिल काढली.