धोंड्याचा महिना धरून नऊ

पौष वद्य सप्तमी, नातवाचं बारसं. विहीणबाईंचा हिशेब आठ महिन्यांचा, माझा नऊचा. रनाळ्याला आमच्या ओसरीवर मी, बायको, प्रकाशा गावाहून आलेले व्याही-विहीणबाई आणि गावची सुईण, एवढीच माणसं होती. लेक दाराआड बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

सुरुवात सुईणीच्या कौतुकातून झाली. "नखं पुरी, जावळ पुरं. दिन पुरा भरेल पोर शे," ती म्हणाली. विहीणबाईंनी लगेच बोटांची पेरं मोजायला घेतली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली आणि दोन दिवसांनी लेक पहिल्यांदाच सासरी नांदायला गेली होती. वैशाख ते पौष, आठ.

"याही, आठ महिनानं पोर इतलं भरेल कसं? नववा महिना कोठे गया?"

मग त्यांनी स्पष्टच सांगितलं. हिशेब लागल्याशिवाय बाळाला घराण्याचं नाव मिळणार नाही आणि सूनही इथंच राहील. दाराआड लेकीच्या बांगड्या वाजल्या. बायको डोळ्याला पदर लावून बसली.

मी ठरवलं, ही गोष्ट आजच मिटवायची. उद्यावर गेली तर ती गावाची होईल.

मूठभर चिंचोके आणून मी विहीणबाईंपुढे ठेवले. म्हटलं, महिन्यांची नावं सोडा. लेक तुमच्या घरी आली तेव्हापासून बाळ होईपर्यंत किती अमावस्या झाल्या, तेवढे मांडा. त्यांनी पोळा, दिवाळी असं बोलत बोलत आठ मांडले. मी विचारलं, "आषाढात दिवे पुजले ती अमावस्या आणि पोळा, या दोन्हींच्या मधे एक होती. ती कुठं आहे?"

त्यांनी मांडलेले चिंचोके पुन्हा मोजले. व्याही मात्र हसायला लागले.

"अवं, धोंडाना महिना! आपला पोऱ्या याहीकडे जेवाले गयथा. त्यानी आनेल तेहतीस अनारसा कोन्ही खादात? तूच ना?"

"खादात," विहीणबाई म्हणाल्या. "पन त्या महिनामा ना सण, ना लगीन. तो कोन मोजस?"

"पोटनं पोर मोजस, याहीन," मी म्हणालो.

आमच्याकडच्या बायका महिने सणांवर धरतात. अधिक महिन्यात सण नसतो, म्हणून तो हिशेबातूनच गळतो. विहीणबाई खोटं बोलत नव्हत्या. पण माझ्या लेकीनं त्यापायी माहेरी का बसावं?

त्यांनी नववा चिंचोका उचलला आणि आठांच्या रांगेत मांडला. मग उठून आत गेल्या, लेकीच्या मांडीवरून बाळ घेतलं आणि स्वतः पाळण्यात घातलं.

पाळणा झाल्यावर सुईणीचं द्यायचं होतं. ते माहेरानं द्यायची रीत, म्हणून मी कनवटीला हात घातला. विहीणबाईंनी मला थांबवलं. "पोर आमनं, देनं बी आमनं."

सुईणीला त्यांनी दोन रुपये रोख आणि एक खण दिला.