बिबडे राखताना वाचलेलं पुस्तक

भुताखेताच्या गोष्टी सांगायला कुणी आलं, की मी आधी विचारते, "रात्री काय जेवला होतात?" आयुष्यभर हेच करत आले. अंगात येणाऱ्या बायकांना मी लिंबूपाणी पाजलंय. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझं हसू येतंय... पण घडलं ते असं, आणि त्याला मी काय करू?

मी जळगावची. वय विचारू नका, नातीचं लग्न ठरतंय एवढं सांगते. गेल्या वर्षी जानेवारीत ही नात, ऋचा, पुण्याहून आली आणि म्हणाली, "आजी, मी या वर्षी चोवीस पुस्तकं वाचायचं चॅलेंज घेतलंय." मी लगेच म्हटलं, "मग मीही."

झालं! मग ह्यांना ठसका लागला. मुलगा हसत सुटला.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. मी नवी नवरी असल्यापासून आमच्या घरात एक म्हण आहे – सुमननं सुरू करावं, दुसऱ्यानं संपवावं. शिवणाचा क्लास अर्धा, हार्मोनियम अर्धी, स्वेटरला एकच बाही. तेव्हाची मी म्हणजे एक नमुना! मॅट्रिक झाल्याचा तोरा एवढा, की चुलीवर वांगी भाजताना हातात पुस्तक. भरीत करपायचं आणि पुस्तकही पुरं व्हायचं नाही. आज ती पोरगी समोर आली तर कान धरीन तिचा.

म्हणून या वेळी मी पंच नेमला. धुळ्याच्या अक्का, माझ्या मोठ्या नणंदबाई. पंच्याऐंशीच्या पुढे वय, आता दिसत जवळजवळ नाही, आणि शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. पण जीभ? कैरी कापावी तिनं. नियम असा – पुस्तक संपलं की मी फोनवर अक्कांना पूर्ण गोष्ट सांगायची. शेवटासकट. तरच ते धरायचं.

"तू? चोवीस?" अक्का फोनवर खो खो हसल्या. "अवं, तुनं शिलाई मशीन आजून माळावर पडेल शे! पुरं वाचं तरच मोजसू. अर्धं वाचेल बठ्ठं फुकट."

मग काय, पेटले मी. दुपारची झोप सोडली. मालिका सोडल्या. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, पाचोऱ्याला एका लग्नात तर जेवणाची पंगत बसेपर्यंत... वाचत सुटले. डिसेंबर लागला तेव्हा माझी तेवीस झाली होती आणि ऋचाची सतरा! महिला मंडळात मी हे सहज म्हणून चार वेळा सांगितलं.

चोविसावं पुस्तक मी वाचनालयातून आणलं. नव्या लेखिकेची कादंबरी, चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा छापलेली. लेखिका माझ्या मुलीपेक्षाही लहान. घाटात चहाची टपरी चालवणारी एक बाई आणि भांडून निघून गेलेली तिची बहीण, अशी गोष्ट. सुंदर! वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना मी शेवटाजवळ आले. टपरीपुढे एसटी थांबते, बहीण खाली उतरते... मी पान उलटलं, तर पुन्हा मधलाच भाग सुरू! बायंडिंगवाल्यानं शेवटचा फर्मा, म्हणजे पानांचा जुडगा, बसवायच्या ऐवजी आधीचाच दोनदा बसवला होता. शेवट नाहीच.

दुकानांत विचारलं, नाही. ऑनलाइन मागवलं, तर नवीन वर्षात येणार. हे म्हणाले, "असू दे गं. तेवीसही काही कमी नाहीत." त्यात चिडवणं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. म्हणजे पुन्हा अर्धंच.

एकतीस तारखेला दुपारी अक्कांना फोन लावला. म्हटलं, "अक्का, हरले मी." आणि गोष्ट जिथवर वाचली होती तिथवर सांगितली – टपरी, एसटी, उतरणारी बहीण.

"मंग, रडस कसाले?" अक्का म्हणाल्या. "पुढलं माले म्हाईत शे. ती बहीन चहा पेस, पैसा ठेवस, चालनी जास. दोन्ही बी ओयख दखाडतस नही. मंग ती टपरीवाली तो कप धोस नही, पालथा ठी देस. दुसरं गिऱ्हाईक येस, त्याले सांगस, दूध सरनं. आनि पातेलामा दूध तं व्हतंच!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "तुम्हाला कुणी वाचून दाखवली?"

"कोन म्हंजे? तूच! नशिराबादले, धाबावर, बिबडा वाळाले टाकेल व्हतात तवय."

आता हे खरं, की माझं सासर नशिराबादचं. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, ज्वारीचे बिबडे, आमचे खानदेशी पापड, वाळत घालायचे, अक्का माहेरपणाला येऊन ते थापायच्या आणि नव्या सुनेला, म्हणजे मला, कावळे हाकायला बसवायचे. मी पुस्तक उघडलं की कावळ्यांकडे लक्ष जायचं नाही. म्हणून सासूबाईंनी कायदा केला – वाचायचं तर मोठ्यानं वाच, आवाजानं तरी कावळे पळतील! खूप वाचलं तेव्हा मी, घसा कोरडा पडेपर्यंत. पण हे पुस्तक? हे लिहिणारी तेव्हा जन्मली तरी होती का?

"दुसरं कुठलं तरी असेल, अक्का."

"नही. शेवट वाचीसन तू रडनी. एक बिबडा कावळा ली गया, तुले समजनं बी नही."

जानेवारीत पार्सल आलं. स्वयंपाकघरात उभ्यानंच मी शेवटची पानं काढली. पालथा कप. "दूध संपलं," ती म्हणते. पातेल्यात दूध असतं. तिथंच पुस्तक संपतं... तेच पान मी पुन्हा वाचलं.

अक्का ज्याच्याकडे राहतात त्या भाच्याला, त्यांच्या मुलाला, फोन केला. त्याच्या घरी हे पुस्तक नाही, कुणी वाचलेलं नाही, अक्का दिवसभर टीव्हीवरची कीर्तनं ऐकतात. वाचनालयातल्या बाईंना विचारलं, अशी जुनी कादंबरी आहे का? त्यांना माहीत नव्हती. ऋचा म्हणते, योगायोग. हे म्हणतात, अक्का तोंडाला येईल ते बोलल्या आणि लागलं. लागू दे की! पण न धुतलेला कप? पातेल्यातलं दूध? नाही बाई, मला उत्तर सापडलेलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्या अर्धवट पोरीनं एक पुस्तक शेवटपर्यंत नेलं, तेही छापायच्या आधी, म्हणून माझी छाती आजही फुगलेली आहे.

अक्कांना फोन करून सांगितलं, शेवट तोच निघाला.

"मंग? मी काय खोटं बोलस का? चोवीस झायात तुना."

मी ह्यांच्याकडे पाठ केली. मग हळूच विचारलं, "अक्का, तेव्हा धाब्यावर मी आणखी काय काय वाचलं होतं हो?"

"बरंच. पन आते सांगाव नही," अक्का म्हणाल्या. "तू पहिले वाच."