सरकी फोडणारे दात

रोहिणखेडला जुन्या मशिदीकडे वळलं की कोपऱ्यावर पिंजाऱ्याचं दुकान लागतं. पाटी रहेमतुल्लाभाईंच्या नावाची, पण दुकान चालायचं ते त्यांच्या बायकोच्या दातांवर. गादी-रजईसाठी कापूस घेताना गुलनार पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, आतला एक पुंजका ओढायची आणि त्यातली सरकी काढून दाढेखाली धरायची. टच्‌ वाजली तर माल वाळलेला. नुसतीच चेपली तर माल ओला, मग विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी पोतं परत. "माणूस खोटं बोलते, बाई, सरकी नाई बोलत," असं ती मला म्हणायची.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळ्या गल्लीची मी 'बाई'. गुलनार माझ्याहून थोडी लहान. भांडखोर, हसरी, आणि कोणाचं म्हणून ऐकायची नाही. बीटी कपाशी आली तेव्हा अख्खं गाव खुशीत होतं, ही एकटी नाक मुरडत होती. हा कापूस गिरणीला चांगला, अंगावर घ्यायला नाही, रजईत एकदा बसला की उठत नाही, असं तिचं म्हणणं. बघता बघता देशी कपाशी शिवारातून गेलीच. पुढे बीटीनेही हात दाखवला. बोंडं नीट फुटली नाहीत त्या वर्षी लोकांनी लग्नं पुढे ढकलली, आणि लग्न पुढे गेलं की सगळ्यात आधी रजई राहते. जुन्याच गाद्या पुन्हा पिंजून द्या म्हणणारे तेवढे दुकानात येत राहिले.

अशाच एका पडत्या वर्षी गुलनारच्या छातीत गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं. गावाला सांगितलं, पित्ताशयात खडे होते. खरं माहीत होतं ते तिच्या नवऱ्याला, मुलगी नाजिशला आणि मला. नाजिश तेव्हा लग्नाची होती. आईला छातीचा आजार आहे म्हटलं की लोक मुलीकडे बोट दाखवतात आणि आलेली सोयरीक परत जाते. ह्या अडाणीपणावर मी खूप चिडले, पण चिडून सोयरिकी जमत नाहीत. तपासणीसाठी तिला मीच घेऊन जायचे. गावाला सांगायचो, बाईंचे गुडघे दाखवायला चाललोय, गुलनार सोबतीला आहे. माझे गुडघे आजही ठणठणीत आहेत, पण गल्लीतली पोरं मला हात धरून ओटा चढवतात.

ऑपरेशननंतर रोज एक गोळी घ्यायची होती, काही वर्षं तरी. आजार परतू नये म्हणून. गोळीने आजार दूर ठेवला हे खरं, पण तिने गुलनारकडून बरंच काही घेतलं. सकाळी बोटं आखडायची, सुई धरता यायची नाही. थंडीत अंगातून वाफा निघायच्या. पुढे तपासणीत कळलं की त्या गोळीने हाडं भुसभुशीत होत चालली आहेत. मग हाडांसाठी वेगळं औषध, सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून. पहिल्या सलाईननंतर तिला तापाने असं फोडून काढलं की चादर नुसती अंगाला लागली तरी ती विव्हळायची.

सलाईन लावताना नर्स मराठीत, चांगलं हळूहळू म्हणाली होती, "दाताचं काही करायचं असलं तर आधी आम्हाला विचारा. परस्पर दात काढायचा नाही." गुलनार हसली. "माह्ये दात पाहून घ्या मॅडम, सरक्या फोडते मी." नर्ससुद्धा हसली. परत येताना एसटीत गुलनार मला म्हणाली, औषध हातातून देते आणि दाताचं सांगते, येडीच दिसते. मी तिला समजावलं की औषध सगळ्या हाडांत जातं, जबडा म्हणजेही हाडच. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

नाजिशचं जमलं ते जळगाव जामोदला. मुलगा शाकिर, कापडाच्या दुकानात. त्याचा थोरला भाऊ अकील दातांचा डॉक्टर, घराला लागूनच त्याचा दवाखाना. त्यांची आई झेबाबी सोयरिकीच्या बोलणीसाठी गुलनारकडे येऊन राहिली होती. बाई ताठ. रविवारी सकाळी उठली, पेलाभर साधं पाणी घेतलं आणि खुर्चीत सरळ बसून राहिली. चहा पुढे केला तर हाताने नको म्हणाली. टेकून बसा म्हटलं तरी टेकली नाही. बऱ्याच वेळाने मग चहा घेतला. "मिजास तर पाहा, बाई, आपला चहा बी चालत नाई," गुलनार स्वयंपाकघरात मला म्हणाली. तेव्हा आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

विहिणीने एक गोष्ट मात्र चांगली केली. सातपुड्याच्या पायथ्याला कोणी अजून देशी कपाशी लावतात, त्यांच्याकडून तिने एक पोतं मागवून ठेवलं. नाजिशच्या रजईसाठी. गुलनारला हे कळलं तेव्हा ती लहान पोरीसारखी हरखली. ती आणि नाजिश जळगाव जामोदला गेल्या. अंगणात पोतं सोडलं, गुलनारने कोपरापर्यंत हात घातला, पुंजका ओढला आणि सरकी दाढेखाली धरली. टच्‌ असा आवाज आला, पण तो सरकीचा नव्हता.

दाढ उभी चिरली होती. झेबाबी म्हणाली, घरचा डॉक्टर असताना दुखणं घेऊन जाऊ नका. तिने गुलनारला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि स्वतः शेजारी बसली. अकीलने विचारलं, "शुगर हाये का, खाला? बीपी? काही औषध सुरू हाये?" गुलनारने विहिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहीच नाई. साधी डोकेदुखीची गोळी बी नाई घेत मी." नाजिश दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आईने डोळे वटारले. अकीलने दाढ काढली. चांगली काढली, फारसं दुखलंही नाही.

हे मला कळलं तेव्हा रजई अर्धी भरून झाली होती. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता औरंगाबादला फोन कर. ती म्हणाली, "आता तर सलाईनची तारीखच हाये, तवा सांगते." त्या खेपेला मला शाळेचं प्रशिक्षण होतं, रहेमतुल्लाभाई तिला घेऊन गेले. तिने तिथे तोंड उघडलं नाही. दात परस्पर काढला म्हटलं तर रागावतील, ठेवून घेतील, आणि इकडे लग्नाची तारीख धरलेली. खड्डा भरला नव्हता तरी हाडांचं सलाईन पुन्हा एकदा तिच्या अंगात गेलं. दातवाल्याला सलाईन कळू दिलं नाही आणि सलाईनवाल्यांना दात कळू दिला नाही. मला तिचा त्या दिवशी राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचे दिवस मी भिंतीपलीकडून मोजत होते असं वाटतं. आधी वास यायला लागला. ती लवंग धरायची, पदर तोंडावर ओढून बोलायची. मग जिभेला काहीतरी टोचायला लागलं. दाढेचा तुकडा राहिला असेल, म्हणायची. मी टॉर्च धरून पाहिलं. हिरडी मागे सरली होती आणि आत पिवळट, कोरडं असं काहीतरी होतं. दात तर नव्हताच. मी टॉर्च विझवला, ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

नाजिशच्या रजईला टाके घालताना तिची जुनी सवय होती, सुई ओठांत धरायची. एके दुपारी मी समोर बसले होते. पांढऱ्या कापसावर लाल थेंब पडला, मग दुसरा. सुई खालच्या ओठात रुतली होती आणि ती माझ्याशी गोड शेवयांबद्दल बोलत होती. मी तिचा हात धरला. तिने ओठाला बोट लावलं, रक्त पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचं?" हनुवटी आणि ओठ पार बधिर झाले होते. मी घाबरले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तिने रक्त लागलेला कापूस तेवढा उपटून फेकला आणि टाका पुढे घातला. म्हणाली, "निकाह होऊ द्या, बाई. तेवढं एकच मागणं हाये माह्यं."

लग्नाच्या कपड्यांचं बोलायला अकील आला तो दिवस मात्र तिला टाळता आला नाही. गाल सुजला होता. त्याने मोबाईलचा उजेड तिच्या तोंडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, "खाला, हाडाचं इंजेक्शन घेता का तुम्ही?"

गुलनारने माझ्याकडे पाहिलं. "हाव," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी हात जोडले, अम्मीला सांगू नको.

तो खाली बसला. म्हणाला, "हा प्रश्न मी वयाच्या दर बाईले विचारतो, खाला. कारण माह्या अम्मीलेच हाडाची गोळी सुरू हाये. कितीक साल झाले. दर रविवारी उपाशीपोटी घेते आन्‌ सरळ बसून राह्यते, नाई तर गळा जळते. सून आणाच्या आधी कोणाले समजू द्याचं नाई, म्हणते. लोक म्हणतील, सासूची चाकरी कराले पोरगी नेली. त्या दिवशी ती तुमच्या बाजूलेच बसली होती. तिच्यासमोर त्या गोळीचं नाव कसं काढू, म्हणून तेवढा एकच प्रश्न मी विचारला नाई."

मला तो रविवारचा नाकारलेला चहा आठवला आणि आमचं हसणं आठवलं.

औरंगाबादला खालच्या जबड्याचा एका बाजूचा तुकडा काढावा लागला. हाड मेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की असं फार थोड्यांना होतं, औषध वाईट नाही, त्यानेच अनेकींची हाडं वाचतात. पण ते घेणाऱ्याने दोन दुखणी लपवायची नाहीत, एक दाताचं आणि दुसरं मांडीचं. वर्षानुवर्षं हाडांचं औषध घेणाऱ्या एखादीची मांडी आधी नुसती ठणकते आणि मग न पडताच मोडते. गुलनार पट्टी बांधलेल्या तोंडाने ऐकत होती.

निकाह ठरल्या तारखेला झाला. गावाला सांगितलं, दाताचं विष पसरलं होतं. गुलनारचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, बोलणं अर्धंमुर्धं कळायचं, पातळ शेवयासुद्धा ओघळायच्या. पण ती खूश होती. मांडवात बायकांच्या बाजूला रजई उघडून ठेवली होती आणि जो तो हात लावून बघत होता. नाजिशला निरोप द्यायची वेळ झाली. झेबाबी उठली, दोन पावलं चालली आणि मांडीवर हात दाबून थांबली. कोणीतरी विचारलं, काय झालं? "काही नाही," ती म्हणाली, "थंडीने दुखून राह्यलं महिनाभर."

गुलनार तिच्याकडे जवळजवळ धावली. दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि सगळ्यांसमोर बोलायला लागली. गोळी, मांडी, मीपण, अकीलला दाखवा, आजच. लपवायचं म्हणून जे तिने इतकी वर्षं जपलं, ते ती मांडवभर ओरडून सांगत होती. पण तिच्या तोंडातून निघत होते ते नुसते ओले, मोडके आवाज. बायकांना वाटलं, लेक जाते म्हणून आई रडतेय. दोन-चार जणी तिच्याबरोबर रडायला लागल्या. कळलं ते फक्त मला आणि झेबाबीला. झेबाबीचा चेहरा उतरला. तिने आपला पदर गुलनारच्या तोंडावर दाबला, डोळे पुसल्यासारखा, आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बाद में, बहन. बाद में."

मी अकीलला गाठून सांगितलं. त्याने तिथेच आईला विचारलं, तर तिने थंडीचंच कारण पुन्हा सांगितलं. नवी सून घरात आली आणि लगेच आपण दवाखान्याच्या चकरा मारायच्या, हे तिला पटेना. आधी दावत होऊ दे, मग पाहुणे जाऊ देत, असं चाललं. फोन आला तो नाजिशचा. सासूबाई अंगणात शेवयांचं ताट घेऊन चालल्या होत्या, घसरल्या नाहीत, ठेच लागली नाही, आणि मांडीचं हाड मोडलं. नाजिश सांगत होती की तो आवाज तिला आत स्वयंपाकघरात ऐकू आला.

गुलनार अजून दुकानात बसते. कापूस आता रहेमतुल्लाभाई नुसत्या हाताने पाहतात आणि बऱ्याचदा ओला माल घेऊन बसतात. पुंजक्यातली सरकी अजूनही तिच्या बोटांत येते, ती तिला फिरवत राहते आणि खाली टाकते. रजई पिंजायला आलेल्या प्रत्येक वयस्क बाईला ती आधी एकच प्रश्न विचारते. एक एक शब्द सुटा करून विचारते, म्हणजे कळावा: "हाडाची. गोळी. सुरू. हाये. का?" बायकांना वाटतं, आजाराने हिचं डोकं फिरलं. त्या नाही म्हणतात. मी शेजारी बसलेली असते, म्हणून मला दिसतं. त्यांतल्या काही जणी नाही म्हणायच्या आधी वळून बघतात, दुकानात आणखी कोण आहे ते.