मनगटावरचं वर्तुळ

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यातला कंपाउंडर पेनिसिलिनआधी मनगटावर थेंबभर औषध टोचायचा, भोवती बॉलपेननं वर्तुळ काढायचा आणि शेजारी ढिम्म बसून राहायचा. मी एकदा वैतागलो.

“अहो, मशीन थांबलंय माझं! मागच्या महिन्यात हेच इंजेक्शन घेतलं, काही झालं नाही.”

“म्हनूनच बसलोय,” तो म्हणाला. “पयल्यांदा शरीर नुसतं बघून ठेवतं. दुसऱ्यांदा वळखतं.”

दहा मिनिटांत लाल चट्टा फुगून वर्तुळाबाहेर गेला. त्यानं भरलेली सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली, माझ्या कार्डावर लाल शाईनं ‘पेनिसिलिन नको’ लिहिलं आणि सूज उतरेपर्यंत पुन्हा शेजारी बसला.

माझं नाव त्याच्या कधीच लक्षात राहिलं नाही. बस स्टॉपवर समोर आलो की तो आधी माझं मनगट बघायचा, मग ओळखीचं हसायचा.